बोहनीनंतर, दिवाबत्तीआधी

माझी पुढची खोली रिकामी आहे. लोक विचारतात, भाड्यानं काहून देत नाही? मी म्हणतो, द्याची नाही. माझी खोली, माझी मर्जी. खरं म्हणजे त्या खोलीत जी बाई राहत होती तिच्यासारखी भाडेकरी आता पांढुर्ण्यात भेटणार नाही, आणि दुसरी मला पाहिजे नाही. ती आता सौंसरला राहते. आईचे पाय गेले म्हणून गेली. मी तिकडं गेलो की भेटून येतो.

नाव सांगत नाही. तिला आवडणार नाही. जन्मभर दुसऱ्यांची जाहिरात केली, स्वतःची कधी केली नाही. धंदाच तो होता तिचा. दुकानदार आपल्या गल्ल्यावर बसणार, आणि त्याच्या दुकानाचे फोटो, व्हिडिओ, दिवाळीच्या शुभेच्छा, गिऱ्हाइकानं फोनवर काही विचारलं तर त्याचं उत्तर, हे सगळं बाई माझ्या पुढच्या खोलीत बसून करणार. नोकरी कोणाची नाही. जितकी दुकानं तितकी बिलं. वय चाळिशीच्या बरंच पुढं. लग्न केलं होतं, मग सोडलं होतं, आणि दोन्हीबद्दल बोलत नव्हती.

मी नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर जिंदगी काढली. शाळा चौथीत सुटली. हा धंदा मला लवकर समजला नाही. मी बायकोला म्हणायचो, "ही बाई दिवसभर फोन पाहून राहते आणि लोक तिले पैसे देतात."

बायको म्हणायची, "तुम्ही दिवसभर चाबी फिरवत होते, तुम्हाले नाही का देत होते?"

बाई उंच, सुकलेली, पायात मर्दानी चप्पल आणि डोक्यावर हेल्मेट. स्कूटीवरून उतरली तरी हेल्मेट काढत नव्हती. बिल घेऊन दुकानात शिरायची तर तशीच, काच वर करून. मी विचारलं होतं काहून म्हणून. म्हणाली, "काढलं म्हणजे बसली. बसली म्हणजे गप्पा. गप्पा म्हणजे पैसे पुढच्या महिन्यात." चहा पण घेत नव्हती. "बिलाआधी चहा पेला की बिल चहात बुडते." बाजारात हेल्मेट दिसलं की अर्धे दुकानदार देव आठवायचे आणि अर्धे चिल्लर मोजायचे.

काम सगळं फोनवर, पण बिल मात्र कागदावर. कोणी म्हटलं, फोनवरच पाठवून द्या ना मॅडम, तर म्हणायची, "फोनवरचं बिल फोनवरच राहते. दोन निळ्या रेघा येतात, पैसे येत नाही." झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायची, शिक्का मारायची, शिक्क्यावर फुंकर मारायची आणि स्वतः घेऊन जायची. नुसती देऊन परत यायची नाही. वाचून दाखवायची. उभ्यानं, मोठ्यानं. दुकानात गिऱ्हाइकं असली तर अजून मोठ्यानं.

एकदा मी उशीच्या खोळी घ्यायला कापडाच्या दुकानात गेलो होतो, तर ही तिथं उभी. कागद उघडला आणि सुरू.

"नव्या साड्यांचे फोटो. शेठजी मधात उभे राहिले म्हणून पुन्हा काढले. शेठजींचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढले. शेठजी म्हणे पोट दिसते, म्हणून पुन्हा काढले."

साड्या पाहणाऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले.

"मॅडम, हे वाचाची काय गरज आहे? द्या इकडं, मी पाहतो ना," शेठ म्हणाला.

"संपलं नाही. समोरच्या दुकानाले शिवी देणारी पोस्ट. शेठजींनी सांगितली, मी टाकली नाही. न टाकण्याचे वेगळे लावले."

"न टाकण्याचे पैसे?"

"टाकली असती तर आज तुम्ही ठाण्यात बसले असते. तिथून सुटाले किती लागते, विचारा कोणाले."

शेठनं गल्ला उघडला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, इज्जत काढली तू त्याची."

"काकाजी, तुम्ही नळ सोडला की बाया गुंड-घागरी भरतात. पाणी दिसते सगळ्याइले. माझं काम दिसत नाही. म्हणून वाचून दाखवा लागते."

नळ सोडणाऱ्याला तरी लोक पाणी नाही आलं की शिव्या देतात. तिला तर तेही नव्हतं.

आमच्या इकडच्या दुकानदारांचा एक कायदा आहे. सकाळी बोहनी होत नाही, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक पैसे देऊन जात नाही, तोवर गल्ल्यातून पैसा बाहेर काढायचा नाही. आणि संध्याकाळी दिवाबत्ती झाली की लक्ष्मी बाहेर द्यायची नाही. मधातला वेळ शेठ जेवायला गेले, शेठ झोपले, शेठ नागपूरले गेले. वसुलीवाले यातच हारतात. बाई हारली नाही. दुकानाचं शटर वर जाता जाता ही हजर. शेठ म्हणाला, "मॅडम, आत्ता तर बोहनी नाही झाली," की ही पर्समधून नोट काढून म्हणायची, "एक रुमाल द्या." रुमाल घ्यायची, पैसे द्यायची. "झाली बोहनी. आता माझं बिल." बोहनीच्या गिऱ्हाइकाला रिकामं पाठवायची हिंमत कोणात आहे?

त्यामुळं तिच्या खोलीत रुमाल, सेफ्टी पिना, अगरबत्त्या, स्टीलचे चमचे, लहान पोरांचे टोपरे, असा मेळा भरला होता. जामसांवलीच्या देवळापाशी प्रसादाचं एक दुकान होतं, त्याचंही काम तिच्याकडं. तिथून दर महिन्याला नारळ यायचे. ते ती आमच्या घरात आणून टाकायची. आम्ही बौद्ध माणसं, देवाचा नारळ आमच्या घरात काय कामाचा? पण बायको म्हणे, "हे देवाले वाहिलेले नाही, बिलाले वाहिलेले आहे." आणि खोबरं भाजीत घालायची.

संत्र्याचा एक व्यापारी होता. तो म्हणे, "बहार निघाला की देतो." इकडं सगळेच असं बोलतात, मजुराला पण आणि मिस्त्रीला पण. बाई भांडली नाही. "ठीक आहे जी," म्हणाली आणि त्याचं फोनवरचं पान तसंच पडू दिलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला, मी समोरच होतो. "मॅडम, लय दिवस झाले, काहीच नाही टाकलं?" ही म्हणे, "बहार नाही ना अजून. तुमचे पैसे झाडाले लागतात, तर माझ्या पोस्टा पण झाडालेच लागतात." दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन माणूस आला. तर हिनं काय करावं? जितके दिवस काम बंद ठेवलं तितक्या दिवसांचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. तो घ्यायला तयार नाही. "राहू द्या ना मॅडम." "काम नाही केलं, कायले ठेवू?" यावर अर्धा तास माझ्या दारात भांडण. पैसे घ्यायला जितकी कटकट, तितकीच परत द्यायला. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता बायकोचं सांगतो.

माझी बायको उन्हाळ्यात कुरोड्या करायची. गहू भिजवायचे, चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम गरम सोऱ्यातून छतावर पाडायच्या. वाळल्या की पिप्यात भरायच्या. मोहल्ल्यात दहा घरी वाटायच्या, संपलं. बाई एकदा छतावर कपडे वाळू घालायला गेली आणि तिनं फोन काढला. बायको म्हणाली, "तोंड नको घेऊ वं. हात घे. हात चांगले आहे अजून."

तर हातच घेतले. सोऱ्या फिरवणारे हात, हिरव्या बांगड्या, आणि पांढऱ्या कपड्यावर पडणारी कुरोडी. त्या व्हिडिओवर लोकांनी विचारणं सुरू केलं, विकता का म्हणून. बायकोच्या नावानं पान निघालं. बैतूल, मुलताई, नागपूर, इटारसी, कुठून कुठून मागणी. तोंड कोणी पाहिलं नाही, हात सगळ्यांनी पाहिले.

महिना झाला आणि बाई बिल घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभी. डोक्यावर हेल्मेट. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आली होती, मधात एक दार, तरी हेल्मेट.

मी तापलो. "घरमालकिणीले बिल? तुले लाज नाही?"

"भाडं मी तुम्हाले देते काकाजी. ते वेगळं. हे काकूचं आहे, त्याइचं काम केलं."

"कुरोड्या घेऊन जा आणि हिसाब खतम कर."

"बिलात कुरोडी लिहिता येत नाही."

बायको मधात पडली. मला वाटलं माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "तुम्ही चूप बसा. मले आलं आहे बिल." आणि पदराला हात पुसून बाईसमोर खाटेवर बसली, जशी मोठी शेठाणी. "वाच."

बाईनं वाचलं. वर बायकोचं नाव होतं, नुसतं तिचं आणि तिच्या आडनावाचं. मधात माझं नाव नाही. आमच्या घरचं गॅसचं माझ्या नावावर, लाइटचं बिल अजून माझ्या बापाच्या नावावर येते. तिच्या नावानं काही म्हणून कधी आलं नव्हतं. तिनं डब्यातून पैसे काढून दिले आणि चहा ठेवला. बिल झालं होतं, म्हणून बाईनं चहा घेतला. नंतर मोहल्ल्यात ती सांगत फिरली, "मले बिल येते." दुसऱ्या बाया म्हणत, आमच्याकडं बिल आलं की आम्ही रडतो. ही म्हणे, "तुमचं लाइटचं असते."

आम्हाला मूल नाही. दोघंच. मागच्या उन्हाळ्यात कुरोड्यांचं काम संपत आलं होतं, पिपे भरले होते, आणि तिच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं. परत आणलं ते तसंच आणलं. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

तिच्या जलदान विधीचा कार्यक्रम घरासमोर मांडव टाकून केला. पांढरे कपडे घालून माणसं बसली. भन्तेजींनी वंदना घेतली. मग आमच्या समाजाचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. ते प्रत्येक कार्यक्रमात बोलतात. "त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या. त्यांनी कधी कोणाला उलट शब्द केला नाही." मी खाली मान घालून बसलो होतो आणि मला राग येऊन राहिला होता. हेच भाषण त्यांनी माझा भाऊ गेला तेव्हा केलं होतं. आणि माझी बायको मनमिळाऊ नव्हती. भांडकुदळ होती. नळावर तिच्यासमोर कोणी गुंड पुढं सरकवत नव्हतं. मी जिच्यासोबत राहिलो ती बाई त्या भाषणात नव्हतीच. वाटलं, आज हिला पोचवलं, आणि पोचवलं ते दुसऱ्याच कोणाला.

गृहस्थांनी विचारलं, "अजून कोणाले दोन शब्द बोलाचे आहे?"

मागून बाई उठली. ती सौंसरकडच्या शेतकऱ्याची पोर, तिनं आमचा असा कार्यक्रम कधी पाहिला नव्हता. तिथं आदरांजली वाहतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बोला म्हटलं, तर तिला बोलायचं एकच माहीत. पुढं आली, पर्समधून कागद काढला, उघडला.

"काकूंचं शेवटचं बिल," ती म्हणाली. "रक्कम मिळाली आहे. दवाखान्यात जाच्या आधी त्याइनं दिली. पण वाचाचं राहिलं होतं."

माझी साळी, बायकोची लहान बहीण, शेजारी बसली होती. ती जोरात म्हणाली, "अवं माय, मौतीच्या घरी बिल!" लोक उठायला लागले. मी पण उठलो होतो, तिला हाताला धरून बाहेर काढायला. पण तोवर तिनं सुरू केलं होतं.

"कुरोडी पाडतानाचा व्हिडिओ. चारदा घेतला. काकू फोन समोर आला की हसत होत्या, म्हणून. हसण्याचे पैसे लावले नाही. मुगवड्यांचा फोटो. मागं काकाजी बनियानवर उभे होते, त्याइले कापलं. गिऱ्हाइकांची उत्तरं. एक बाई म्हणे, महाग आहे. काकूंनी सांगितलं, लिही, हात मोडले का तुझे, घरी कर. मी तसं लिहिलं नाही. काकू दोन दिवस माझ्यासोबत बोलल्या नाही. न लिहिण्याचे पैसे लावले होते, काकूंनी भांडून कमी केले."

कोणीतरी हसलं. मग अजून कोणी. मागं बसलेल्या बाया पदर लावून हसून राहिल्या होत्या आणि रडून राहिल्या होत्या. भन्तेजींनी पण मान खाली घातली. मी उभाच राहिलो. माझी बायको मांडवात आली होती. तीच, भांडणारी, फोन पाहून हसणारी. इतक्या माणसांत तिला घेऊन येणारी ही एकटी.

त्या बाईचं माझ्यावर हे देणं आहे. ते बिलात बसत नाही, आणि ती घेणार पण नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

पण कागद संपला नव्हता. "पैसे आलेल्या, माल न गेलेल्या ऑर्डरी," तिनं वाचलं. बैतूलच्या एक ताई. मुलताईच्या एक. नागपूरचे दोन घरं. इटारसीचे एक गुरुजी. "माल घरात तयार आहे. पाठवाचा आहे." कागदाची घडी केली, हात जोडले आणि जाऊन बसली.

माणसं गेल्यावर साळी म्हणाली, "भाऊजी, ताईच्या हातचं आता कुठं भेटते? आपसात वाटून घेऊ."

"नाही," मी म्हटलं. "कोणालेच नाही." आणि दोन्ही पिपे उचलून माझ्या खाटेखाली सरकवले. तिनं छतावर उन्हात बसून पाडल्या होत्या. आता त्या घरात होत्या आणि ती नव्हती. मी त्या खाणार पण नव्हतो. फक्त असू द्यायच्या होत्या.

दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर पायरीवर बाई. हेल्मेट घालून.

"काय आहे?"

"माल."

"पैसे परत करतो सगळ्याइचे. दुप्पट करतो. जा."

"त्याइनं पैसे मागितले नाही काकाजी. कुरोडी मागितली. काकूंनी हाव, देते म्हटलं होतं."

"तू माझी भाडेकरी आहे!"

"भाडं पहिल्या तारखेले दिलं. आत्ता मी भाडेकरी म्हणून नाही बसली."

बसून राहिली. दिवाबत्तीच्या वेळेला उठून गेली. सकाळी पुन्हा हजर. मोहल्ला पाहून राहिला. कोणी विचारलं, ताई, कोणाची वसुली? तर माझ्याकडं बोट. माझ्याच पायरीवर मी थकबाकीदार. मी दार लोटून घेत होतो, खाटेवर बसत होतो, खाली पिपे. चहा पण करत नव्हतो, कारण स्वयंपाकघर पायरीवरून दिसते.

शेवटी मीच बाहेर आलो. "त्याइले लिहून दे, माल खतम झाला."

"झूट मी लिहीत नाही. कापडवाल्या शेठचं नाही लिहिलं, काकूच्या नावानं लिहू?"

"मग लिही, ती गेली."

बाईनं पर्समधून फोन काढला. मग म्हणाली, "दुकानाची खबर मी लिहिते. मौतीची खबर घरच्या माणसानं द्याची असते. तुम्ही बोला, मी पाठवते." आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

मी तोवर कोणाला सांगितलंच नव्हतं. गावात खबर आपोआप पोचते, आपल्याला बोलायचं काम पडत नाही. फोनवर लाल टिपका लुकलुकत होता. मी बोललो ते असं: "मी तिचा नवरा. ज्या हाताच्या कुरोड्या तुम्ही मागितल्या, ती बाई गेली. छातीचं झालं. कुरोड्या घरात आहे. पण मी देऊन नाही राहिलो. पैसे परत घेऊन घ्या." शेवटी आवाज फुटला. मी म्हटलं, "ते शेवटचं काप." तिनं कापलं नाही. तसंच पाठवलं.

उत्तरं यायला लागली. ती एक एक लावून मला ऐकवत गेली. बैतूलची ताई रडत होती, म्हणे, "काकाजी, ठेवा तुम्ही. पैसे पण राहू द्या." नागपूरवाल्यांनी तेच. मुलताईवालीनं तेच. इटारसीचे गुरुजी म्हणाले, "दादा, आम्ही समजून घेतलं की कुरोड्या भेटल्या." सगळे म्हणे पैसे राहू द्या, कुरोड्या राहू द्या.

बाई म्हणाली, "झालं. आता माझं काही काम नाही. ठेवा तुम्ही." आणि पायरीवरून उठली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पिपे माझे झाले. पण मी तसाच उभा, आणि डोक्यात एकच, ही ऐकत असती तर? तिनं जिंदगीत कोणाचा फुकट पैसा घेतला नाही. नळावरच्या एका बाईनं एकदा चार पापडांचे जास्त पैसे दिले तर त्या बाईच्या घरी जाऊन उंबऱ्यावर ठेवून आली होती, आणि दोन शब्द सुनावून. आता बैतूल ते नागपूर माणसं तिला फुकटात पैसे देऊन राहिली होती, दया करून, आणि मी घेऊन राहिलो होतो. त्यांनी भांडून मागितलं असतं तर मी एक कुरोडी दिली नसती. त्यांनी सोडून दिलं, तेच मला सहन झालं नाही.

"थांब," मी म्हटलं. "डबे आण कुठून तरी. खोक्यात मोडतील त्या."

बाईनं हेल्मेट काढलं आणि आत आली.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो. एक एक कुरोडी दोन हातांनी उचलायची, कागदावर ठेवायची. शेजारून आणलेल्या डब्यांवर तिनं पत्ते लिहिले. मी डब्यांना दोरी बांधली, ते मला येते. मोडक्या आम्ही बाजूला एका परातीत ठेवत गेलो. मोडका माल गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो, हे दोघांनाही सांगायची गरज पडली नाही. पत्त्यांपुरत्या भरता भरता दोन्ही पिपे रिकामे झाले. मीच सगळे डबे कुरियरवाल्याकडं घेऊन गेलो. तो म्हणाला, "बाबाजी, काय आहे यात?" मी म्हटलं, "सांभाळून ने. मोडली तर तुले सोडणार नाही." नवऱ्यात बायकोचा गुण येते असं आता मला वाटते.

परत आलो तर बाई स्वयंपाकघरात, कढईत तेल टाकून उभी. परातीत चुरा होता.

"हे कोणाच्या ऑर्डरीत नाही," ती म्हणाली.

मी जिंदगीत पहिल्यांदा गॅसपाशी उभा राहून काही तळलं. तिनं सांगितलं, तेल तापलं नाही अजून, थांबा. मग टाकलं. चुराच तो, पण तेलात पडल्याबरोबर फुलला, पांढरा, कढईभर. मी काढत गेलो, ती ताटात घेत गेली. खाटेवर बसून खाल्लं.

दोन घास झाले आणि मी म्हटलं, "मीठ जास्त आहे."

"हाव," बाई म्हणाली. "लय जास्त आहे."

"सगळ्याइले असंच गेलं असंल."

"गेलं असंल. कोणी बोलणार नाही आता."

"ती असती तर मी पण बोललो नसतो," मी म्हटलं. "ताट उचलून नेलं असतं तिनं."

बाई हसली. आणि मी पण हसलो, कुरोड्या तोंडात तशाच. मग आम्ही दोघांनी दोन दोन तांबे पाणी पेलं, आणि ताट पुसून खाल्लं.